लिफ्ट केलेली थार: दुरुस्ती कशी करायची आणि वाढीव वॉरंटी घ्यायची की नाही

महिंद्रा थारला दोन इंची लिफ्ट (म्हणजे सस्पेन्शन उंच करणं) आणि मोठे टायर बसले की कागदोपत्री गाडीचे दोन भाग पडतात. एक भाग अजून कंपनीच्या जबाबदारीचा असतो आणि दुसरा पूर्णपणे तुमचा होतो. ही रेघ नेमकी कुठून जाते हे बहुतेकांना पहिला क्लेम नाकारला गेल्यावरच कळतं, आणि तोवर चुकीच्या जागी पैसे गेलेले असतात. म्हणून आधी रेघ आखायची, मग दुरुस्ती, आणि शेवटी वॉरंटीचा हिशोब. पुढचा तपशील २०२० नंतरच्या थारचा आहे: पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आडव्या दांड्या), मागे कॉइल स्प्रिंगवरचा अखंड एक्सल. मारुती जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सल असल्याने तिच्यापुरता फरक जागोजागी दिला आहे.

रेघ कुठे आखायची

एका कोऱ्या कागदावर केलेले सगळे बदल लिहा. प्रत्येक बदलासमोर त्याचा ताण ज्या भागांवर येतो ते भाग लिहा. लिफ्टसमोर बॉल जॉइंट, पुढचे ड्राइव्ह शाफ्ट, शॉक, बुश. मोठ्या टायरसमोर व्हील बेअरिंग, टाय रॉड, स्टिअरिंग रॅक, क्लच, ब्रेक. जादा दिव्यांसमोर आणि विंचसमोर (अडकलेली गाडी ओढणारं विजेचं चक्र) बॅटरी, अल्टरनेटर, वायरिंग. रीमॅपसमोर (ताकद वाढवायला इंजिनच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलणं) इंजिन, टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्स, म्हणजे जवळजवळ अख्खी गाडी. या यादीतले भाग वॉरंटीतून मिळतील अशी आशा धरू नका. यादीत न आलेले भाग, म्हणजे एसी, इन्फोटेनमेंट, खिडक्यांच्या मोटारी आणि रीमॅप नसेल तर इंजिन व गिअरबॉक्स, यांच्यासाठी मात्र भांडायचं.

टायरचा आकडा इथेच काढून ठेवा. मूळ २५५/६५ आर१८ टायरचा व्यास सुमारे ७८९ मिमी, आणि हौसेने बसवल्या जाणाऱ्या २८५/७० आर१७ चा सुमारे ८३१ मिमी. फरक ५.३ टक्के. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ च्या पुढे असते. ओडोमीटरही तेवढाच मागे राहतो: १०,००० किमीची सर्व्हिस तुम्ही प्रत्यक्षात १०,५०० च्या पुढे करता. म्हणून ऑइल बदल ९,५०० वरच करा. शिवाय चाक मोठं झालं की शेवटचा गिअर रेशो तेवढाच लांब होतो आणि चढावर क्लच जास्त घासतो. मॅन्युअल गिअरच्या थारमध्ये मोठ्या टायरनंतर क्लच लवकर जायला लागतो, तो यामुळे.

धुण्यापासून सुरुवात

पावसाळ्यात ओढ्यातून, लाल मातीतून गाडी आली की दुसऱ्याच दिवशी खालून धुवा. सह्याद्रीतली चिकणमाती वाळली की सिमेंटसारखी बसते आणि चाकाच्या आतल्या कडेला चिकटलेला गोळा चाकाचं बॅलन्सिंग बिघडवतो. ‘स्टिअरिंग थरथरतंय’ या तक्रारींपैकी कितीतरी नुसत्या पाण्याने जातात, म्हणून बेअरिंग बदलायच्या आधी रिमची आतली बाजू हाताने चाचपा.

प्रेशर जेट मात्र जपून. सील, ब्रीदर (एक्सल-गिअरबॉक्समधली हवा आत-बाहेर होऊ देणारी छोटी टोपी), वायरिंगचे कनेक्टर आणि रेडिएटरच्या जाळीवर जवळून जेट मारू नका. जाळी साध्या पाइपने इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवायची. समोरून जोर लावला तर चिखल आणखी आत बसतो आणि पत्र्याच्या पात्या वाकतात. चढावर गरम होणाऱ्या गाडीत थर्मोस्टॅटवर संशय घेण्याआधी इंटरकूलर आणि कंडेन्सर यांच्या मधली फट टॉर्चने बघा.

डिफरन्शियलमध्ये पाणी

डिफरन्शियल म्हणजे एक्सलच्या मधला, चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा. त्यात पाणी जाणं हेच चिखलातल्या गाडीचं सगळ्यात महागडं आणि सगळ्यात मुकं दुखणं. गाडी चालत राहते, आवाज येत नाही, आणि काही महिन्यांनी आतली क्राउन-पिनियन ही गिअरची जोडी घरघरायला लागते. कारण साधं आहे. तासभर चाललेल्या एक्सलमध्ये ऑइल आणि हवा तापलेली असते. तो एक्सल थंड ओढ्यात बुडला की आतली हवा एकदम आकसते. ब्रीदर मोकळा असेल आणि पाण्याच्या वर असेल तर तिथून हवा आत जाते. चिखलाने बुजलेला असेल तर ओढ सीलवर येते आणि सीलच्या ओठातून पाणी आत खेचलं जातं. कंपनी ६५० मिमी खोल पाण्यातून जाता येतं असं सांगते, पण ते ब्रीदर मोकळे असतील तर.

तपासणी अशी करा. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना उटी (दगड किंवा लाकडाची पाचर) लावा. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, घोड्या (जॅक स्टँड) लावाच. आधी भरायचा वरचा बोल्ट सोडवा, मग खालचा. हा क्रम चुकवू नका: खालचा बोल्ट काढून ऑइल सांडलं आणि वरचा गंजून अडकला, तर गाडी तिथेच अडकली.

वरच्या भोकात करंगळी घाला. ऑइल काठापर्यंत असलं पाहिजे आणि बोटावर मधाच्या ते गडद तपकिरी रंगाचं दिसलं पाहिजे. दुधाच्या कॉफीसारखा रंग दिसला तर पाणी गेलेलं आहे. शंका असेल तर चार थेंब उघड्यावर गरम पत्र्यावर टाका. तडतडलं की पाणी आहे, नुसता धूर निघाला तर नाही. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावरची राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट नेहमीची आहे. चिमटीत टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर काम ऑइल बदलून भागणारं नाही, हाऊसिंग उघडावं लागेल.

पाणी गेलेलं असेल तर एकदा ऑइल बदलून थांबू नका. जुनं गरम असताना पूर्ण निथळू द्या, त्याच ग्रेडचं नवं भरा, दहा-पंधरा किमी चालवा, पुन्हा निथळा. दुसऱ्यांदाही दूध दिसलं तर तिसऱ्यांदा हेच करा. भरताना लिटरच्या मापापेक्षा वरच्या भोकातून ऑइल ओघळणं ही खूण खरी. ग्रेड मालकाच्या पुस्तिकेतलाच हवा. मागे लॉकिंग डिफरन्शियल असलेल्या थारमध्ये तर दुकानदाराच्या सांगण्यावरून कुठलंही ‘लिमिटेड स्लिप’चं जादा औषध ओतू नका, लॉक लागण्याची वेळच बिघडते. बोल्टची तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची वायसर दर वेळी नवी.

मग मूळ कारण काढा. ब्रीदरची टोपी काढून तिथे ऑइल-पेट्रोल सोसणारी नळी बसवा आणि ती बॉनेटखाली किंवा मागच्या दिव्याच्या पोकळीत उंचावर नेऊन टोकाला छोटा फिल्टर लावा. मागची नळी सैल ठेवा, कारण एक्सल खाली लोंबतो तेव्हा ती ताणून निसटते. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा) यांचे ब्रीदरही त्याच वेळी वर न्या. लिफ्टवर साठ हजार घालणारे हे काम टाळतात, याचं खरोखर वाईट वाटतं. या नळ्यांचा खर्च लिफ्टच्या खर्चापुढे नगण्य आहे आणि वाचतो तो अख्खा एक्सल.

पुढच्या चाकाचे आवाज

चाक जमिनीवरून उचला. वर आणि खाली, म्हणजे बाराच्या आणि सहाच्या ठिकाणी धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. नऊ आणि तीनच्या ठिकाणी हलवल्यावर खेळत असेल तर टाय रॉडचं टोक किंवा रॅक. रस्त्यावर घरघर येत असेल तर मोकळ्या जागी डावीकडे-उजवीकडे हलके झोले द्या. उजवीकडे वळताना आवाज वाढला तर बहुधा डावं बेअरिंग, कारण भार डावीकडे जातो. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना कट-कट आली तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट.

लिफ्टचा आणि या आवाजांचा संबंध समजून घ्या. थारच्या पुढच्या शॉकवर ठेवलेली २५ मिमीची स्पेसर (उंची वाढवणारी चकती) चाकापाशी जवळजवळ दुप्पट उंची देते, कारण शॉक विशबोनच्या मध्याजवळ बसतो. स्पेसरने शॉकची लांबी तीच राहते, पण तो खाली सरकतो. त्यामुळे चाक मोकळं लोंबतं तेव्हा ते कंपनीने ठरवलेल्या टोकाच्या पुढे जातं. वरचा बॉल जॉइंट त्याच्या कोनाच्या शेवटाला टेकतो आणि ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट घडीवर घडी घासून फाटतो. बूट फाटल्याची पहिली खूण म्हणजे रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे. त्या आठवड्यात नवा बूट, नवं ग्रीस आणि क्लॅम्प एवढ्यावर भागतं. महिनाभर चिखलात फिरवली तर पूर्ण शाफ्ट. म्हणून लिफ्ट दोन इंचांपेक्षा जास्त नेऊ नका आणि वरचे विशबोन बदललेल्या कोनाचे घ्या.

अलाइनमेंटची छापील पट्टी लिफ्टआधी आणि लिफ्टनंतर घ्या. टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळली आहेत) सगळेच जुळवतात, पण कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या आसाचा मागे असलेला कल) बघत नाहीत. लिफ्टने कॅस्टर कमी झाला की हायवेवर गाडी भरकटते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. जिम्नीमध्ये हेच ७०-८० च्या वेगाला स्टिअरिंगच्या जोरदार थरथरीच्या रूपात दिसतं. तिथे आधी बॅलन्सिंग, मग पॅनहार्ड रॉडचे (एक्सलला आडवा जागेवर धरणारी दांडी) बुश, मग किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती खीळ) बेअरिंग अशा क्रमाने जा. स्टिअरिंग डॅम्पर शेवटी. नवा डॅम्पर लावून थरथर दबते, पण झिजलेलं किंगपिन तसंच राहतं. जिम्नी उचलली की पॅनहार्ड रॉडमुळे एक्सल एका बाजूला सरकतो, म्हणून लांबी जुळवता येणारा रॉड घ्यावा लागतो.

चाकाचे नट नवे रिम बसवल्यावर ५०-१०० किमीनंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, आकडा पुस्तिकेतला. रिमच्या मागे स्पेसर घालून चाक बाहेर काढलं असेल तर बेअरिंगचं आयुष्य घटलंच असं धरून चाला. मोठी स्टेपनी थारच्या मागच्या दारावर लटकते, त्यामुळे दार बंद करताना खाली ओढल्यासारखं वाटलं तर बिजागरं आणि लॉकची खीळ तपासा. पाचही टायर एकाच मापाचे, जवळपास सारखे झिजलेले ठेवा. वेगळ्या व्यासाच्या स्टेपनीवर फोर-व्हील ड्राइव्ह लावली की ट्रान्सफर केसमध्ये पीळ साठतो. कोरड्या डांबरावर चारही चाकं जोडून चालवण्यानेही तेच होतं.

वायरिंग

५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, बारा व्होल्टला साधारण नऊ अँपिअर. त्याला २.५ चौरस मिमीची वायर, रिले आणि १५ अँपिअरचा फ्यूज, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज दिव्याजवळ लावला तर मधली सगळी वायर बेवारस राहते आणि पत्र्याच्या कडेला घासून आग लागते ती तिथेच. मूळ हेडलाइटच्या वायरला चिमटे लावून फाटा काढू नका. चिमट्याचं पातं तांब्याचे तंतू कापतं, पाणी शिरतं, वर्षभरात हिरवी पूड होते, आणि बॉडी कंट्रोल युनिटला वेगळा भार दिसला की डॅशबोर्डवर दिवे लागतात. अशा एका चिमट्यामुळे अख्ख्या वायरिंगचा क्लेम जाऊ शकतो. विंचला जाड केबल आणि स्वतंत्र कट-ऑफ स्विच हवाच, कारण जोर लागला की ती शेकडो अँपिअर ओढते.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर

पुन्हा स्टार्ट मारू नका, एकदाही नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये कपभर पाणी असताना स्टार्टर फिरला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, बॅटरी सोडवा, एअर फिल्टर काढा. फिल्टरचा कागद कोरडा असेल तर नशीब चांगलं. ओला असेल तर डिझेलचे ग्लो प्लग, पेट्रोलचे स्पार्क प्लग काढून क्रँकची पुली पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. भोकातून पाणी बाहेर येतं. मग इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, आणि सगळे प्लग काढलेले असतानाच स्टार्टरवर काही सेकंद फिरवा. स्नॉर्कल (इंजिनची हवा छपराजवळून घेणारी नळी) असलेल्यांनी त्याच्या सांध्यांवर विश्वास ठेवू नये. एअर बॉक्सजवळचा एक सैल क्लॅम्प असला की स्नॉर्कल असून नसल्यासारखा. अनेक विमा पॉलिसींमध्ये हे नुकसान इंजिन संरक्षणाचा जोड घेतल्याशिवाय मिळत नाही, आणि पुन्हा स्टार्ट मारल्याचं दिसलं तर जोड असूनही वाद होतो. पाण्यातून काढतानाचे फोटो ठेवा.

वाढीव वॉरंटीचा हिशोब

अमेरिकेतले व्हिडिओ बघून ‘बदल केला म्हणून वॉरंटी रद्द करता येत नाही’ असं अनेकजण ठामपणे सांगतात. ते १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यावर उभं आहे आणि तो अमेरिकेचा आहे. आपल्याकडे वॉरंटीचा कागद आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात, बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अटीला हरकत घेतली होती. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण वाद घालताना हा मुद्दा उपयोगी आहे. मात्र तो दुरुस्तीबद्दल आहे, बदलांबद्दल नाही. बदलांच्या बाबतीत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तुमच्या विरोधात जातं. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत असं सांगितलं, आणि कलम १८२ए नुसार बेकायदा बदलामागे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलागणिक ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बुल बारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईस सांगितलं आहे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत काय बसवायचं ते हे लक्षात घेऊनच ठरवा.

वाढीव वॉरंटी दोन प्रकारची असते. एक कंपनीची, कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालणारी. दुसरी डीलरच्या काउंटरवरच विकली जाणारी पण मागे विमा कंपनी असलेली. कागद हातात घेतल्यावर पहिला प्रश्न: यात ‘अमुक भाग सोडून सगळं’ आहे की ‘फक्त या यादीतले भाग’? ‘फक्त या यादीतले भाग’ असेल तर यादी लांब दिसते, पण सेन्सर, सील आणि वायरिंग बाहेर असतात. दुसरा प्रश्न: बदलांबद्दलचं वाक्य नेमकं काय आहे? ‘बदलामुळे झालेला बिघाड’ असं लिहिलं असेल तर तुमची रेघ टिकते. ‘बदल केलेल्या गाडीला लागू नाही’ असं असेल तर तो प्लॅन तुमच्यासाठी नाहीच, कितीही स्वस्त असो. तिसरा: पाणी शिरणं आणि स्पर्धेतला वापर कसा वगळला आहे? क्लच, ब्रेक, बुश हे झिजणारे भाग तसेही बाहेर असतात.

मग सुटे भाग काउंटरवरून चार कोटेशन घ्या: टर्बो, इंजेक्टरचा संच, गिअरबॉक्स, एसी कॉम्प्रेसर. रेघेपलीकडे गेलेले खोडा. समजा प्लॅन करासहित २४,००० रुपयांचा दोन वर्षांसाठी आहे आणि उरलेल्या भागांचा सरासरी खर्च ६०,००० येतो. तर त्या दोन वर्षांत त्यातला एखादा भाग जाण्याची शक्यता ४० टक्के असली तरच पैसे वसूल. वेळेवर ऑइल बदललेल्या गाडीत एवढी शक्यता कुणी मानणार नाही. म्हणून प्लॅन वसुलीसाठी घ्यायचा नसतो. एका फटक्यात दोन लाखांचं बिल आलं तर घर हलेल, अशा माणसाने तो घ्यावा. फक्त लिफ्ट-टायर असलेली ऑटोमॅटिक थार असेल आणि कागद ‘बदलामुळे झालेला बिघाड’ म्हणत असेल, तर घ्या. रीमॅप असेल तर घेऊ नका, कारण सगळ्यात महागडे भाग आधीच खोडले गेलेत. ते २४,००० वेगळे ठेवा. बॉल जॉइंट, बेअरिंग, बूट यांना तेच लागतील आणि ते कुठलीही वॉरंटी देणार नाही.

घेणार असाल तर मूळ वॉरंटी संपण्याआधी घ्या, नंतर तपासणी आणि जादा दर लागतो. घेण्याआधी डीलरला ईमेल करा: बसवलेले भाग एकेक लिहून, ‘हे असताना कोणते भाग संरक्षणात राहतात ते कळवा.’ तोंडी ‘काही होत नाही साहेब’ याला किंमत नाही, ईमेलच्या उत्तराला आहे. मूळ स्प्रिंग, शॉक, टायर विकू नका, ते पुढे गाडी विकताना लागतात. पण क्लेमपुरते ते परत चढवून बदल लपवू नका. रीमॅपचा माग कंट्रोल युनिटमध्ये राहतो, स्प्रिंगच्या बैठकीवर नवे ओरखडे दिसतात, आणि एकदा खोटं पकडलं की खरा क्लेमही जातो.

क्लेमच्या दिवशी जॉबकार्डवर लक्षण लिहून घ्या, निदान नाही. ‘टर्बो गेला’ नको, ‘२,००० आरपीएमला शिट्टी आणि काळा धूर’ हवं. नकार मिळाला तर तो लेखी मागा, वॉरंटीचं नेमकं कलम आणि कोणत्या बदलाने हा बिघाड झाला याच्या तांत्रिक कारणासह. लिफ्ट केली म्हणून एसी कॉम्प्रेसर नाकारत असतील तर ही दोन वाक्यं लेखी देणं त्यांना जड जातं, आणि बरीच प्रकरणं तिथेच सुटतात. न सुटल्यास कंपनीचं ग्राहक केंद्र, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. सोबत लिफ्टआधीची आणि नंतरची अलाइनमेंटची पट्टी, प्रत्येक ऑइल बदलाचं बिल आणि ते ईमेल जोडा. थर्मल कागदावरची बिलं वर्षभरात पुसली जातात, म्हणून मिळाल्या दिवशीच त्यांचा फोटो काढून ठेवा.